दहा हजार डाव आणि एक रात्र

४ मे १९६३ रोजी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबावर पोलिसांची धाड पडली. पंचांना घेऊन पोलीस आत शिरले तेव्हा टेबलावर रमी चालली होती, अर्थातच पैसे लावून. खेळणारे आणि क्लबाचे पदाधिकारी अशा सगळ्यांवर जुगारअड्ड्याचा खटला भरला गेला. खटल्यासाठी वापरलेला कायदा निजामाच्या अमदानीतला होता: १३०५ फसलीचा हैदराबाद जुगार कायदा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ च्या सुमाराचा. (औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्याच राज्यात होते; तेव्हा मराठवाड्यातल्या पणजोबांच्या पत्त्यांवरही याच कायद्याची नजर होती.)

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी निकाल लागला आणि आरोपी सुटले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हे नागपुरात वकिली करून वर आलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि पुढे थोड्याच महिन्यांत देशाचे सरन्यायाधीश झालेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला डोकं लागतं, म्हणून रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पिसून वाटलेल्या पत्त्यांत नशीब असतंच, पण तसं ते ब्रिजमध्येही असतं.

कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत भारतीय कायद्याने जी रेघ ओढली, तिच्यातला एक मोठा तुकडा असा सिकंदराबादचा आहे. निकालात आणखी एक वाक्य होतं, जे रमीप्रेमी सहसा सांगत नाहीत. क्लबाचा मालक पैशाच्या डावातून स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असं न्यायालयाने बजावलं होतं. पोकरच्या टेबलावर हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

आज त्याच सिकंदराबाद-हैदराबादमध्ये पैसे लावून पोकर खेळायला कायदेशीर जागा नाही. २०१७ साली तेलंगणाने आधी अध्यादेश काढून आणि मग कायदा करून १९७४ च्या जुगार कायद्यात दुरुस्ती केली. खेळ कौशल्याचा असला तरी त्याच्या निकालावर पैशाची जोखीम घेणं म्हणजे जुगारच, आणि तो ऑनलाइन असला तरी जुगारच, अशी ती दुरुस्ती. रमीचं नाव त्यात मुद्दाम घातलेलं होतं. त्यामुळे हैदराबादच्या बातम्यांत पत्ते येतात ते बहुधा दिवाळीच्या आगेमागे आणि बहुधा फार्महाऊसवरच्या धाडीच्या निमित्ताने. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस मंचिरेवुलाच्या एका फार्महाऊसवर अशीच धाड पडली आणि तीसेक जण पकडले गेले. काहींची हौस तर पार परदेशात पोचते. १ मे २०२३ ला थायलंडच्या पोलिसांनी पट्टायातल्या एका हॉटेलात चाललेला मोठा जुगार उधळला, तेव्हा ताब्यात घेतलेल्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि आयोजनाचे धागे हैदराबादपर्यंत आले.

सरळमार्गी हौशी माणूस मात्र हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून गोव्याचं विमान पकडतो.

गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांना स्लॉट मशीन ठेवू दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरचे खेळ. म्हणून माणसाने चालवलेलं, खरे पत्ते वाटणारं टेबल हवं असेल तर पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीत बसून मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोत जावं लागतं. वय २१ पूर्ण हवं. खुद्द गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२० पासून खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलाभोवती हैदराबाद, बंगळुरू, मुंबई, पुणे, दिल्ली अशी पाहुणेमंडळीच असतात. महाराष्ट्राची गंमत तर निराळीच. इथे १९७६ साली कॅसिनोंचा कायदा मंजूर झाला, पण तो कधी अमलातच आला नाही; २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं नुसता कागदावर राहिलेला कायदा म्हणून त्याची नोंद घ्यायला हरकत नाही.

कॅसिनोत रूलेट असतं, ब्लॅकजॅक असतं, अंदर बाहर असतं. या सगळ्यांत समोरचा प्रतिस्पर्धी कॅसिनो स्वतः असतो आणि गणित त्याच्या बाजूने झुकलेलं असतं. एका शून्याच्या रूलेटमध्ये चाकावर ३७ घरं असतात आणि बरोबर आकडा लागला तर पस्तीसपट मिळतात. या फरकातून कॅसिनोला लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे सुटतात. खेळणारा आइन्स्टाइन असला तरी ते बदलत नाही. पोकरचं तसं नाही. तिथे माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो फक्त पत्ते वाटणारा डीलर, टेबल आणि दिवे पुरवतो आणि त्याबद्दल प्रत्येक मोठ्या पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, ठरावीक टक्के, ज्याला ‘रेक’ म्हणतात, उचलतो. नेमकं हेच ते, मालकाने डावातून नफा काढणं. गोव्यात त्याला परवाना आहे, एवढाच फरक.

टेक्सास होल्डेम हा आज सगळीकडे खेळला जाणारा पोकरचा प्रकार. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांच्या सामाईक मालकीची पाच पानं उघडी पडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप; मग एक, तो टर्न; शेवटी आणखी एक, तो रिव्हर. दर टप्प्याला बोली होते. बोलीला जोड द्यायची (म्हणजे कॉल), ती वाढवायची की पानं टाकून मोकळं व्हायचं, हे त्या त्या वेळी ठरवायचं. सात पानांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी, त्याचा पॉट. किंवा बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर जो उरला त्याचा, मग त्याच्या हातात काही का असेना. तीन पत्ती खेळलेल्याला ब्लफ शिकवावा लागत नाही. त्याला शिकावं लागतं ते पानं टाकणं. नऊ जणांच्या टेबलावर दहातले सात-आठ डाव मुकाट्याने सोडून देणं हा चांगल्या पोकरचा मोठा भाग आहे, आणि विमानाचं तिकीट काढून आलेल्या माणसाला तोच सगळ्यांत जड जातो. एवढ्या लांब यायचं ते काय पानं टाकायला?

एक डाव सावकाश पाहू. समजा, हैदराबादच्या गचिबावलीतला एक संगणक अभियंता शनिवारी संध्याकाळी शंभर-दोनशेच्या टेबलावर वीस हजारांच्या चिप्स घेऊन बसला आहे. शंभर-दोनशे म्हणजे डाव सुरू होण्याआधी दोघांनी न बघता लावायच्या रकमा, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. त्याच्या हाती इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का येतो. होल्डेममध्ये याहून भारी सुरुवात नाही. २२१ डावांत सरासरी एकदा ती येते. तो ८०० रुपये लावतो. हौशी टेबल असल्यामुळे दोन्ही ब्लाइंडवाले धरून चौघे जोड देतात. पॉट झाला ४,००० चा.

इथेच पहिला खड्डा आहे. एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे, त्याच्याकडे कोणतीही पानं असोत, दोन एक्के सरासरी ८५ टक्के वेळा जिंकतात. चौघे शेवटपर्यंत राहिले तर हाच आकडा ५६ वर येतो आणि आठही जण राहिले तर ३५ वर. म्हणजे सगळेच ‘बघू या’ म्हणून बसले तर जगातली सगळ्यांत चांगली पानं तीनातल्या दोन डावांत हरतात. ‘चांगली पानं आली की मी हरतो’ ही हौशी खेळाडूची ठरलेली तक्रार यातून येते. ती सगळीच खोटी नसते.

फ्लॉप येतो: किलवरची नव्वी, किलवरची अठ्ठी, चौकटची तिर्री. अभियंता ३,००० लावतो. तिघे पानं टाकतात, एक जण जोड देतो. पॉट १०,००० चा. टर्नला बदामची दुर्री, निरुपयोगी. अभियंत्यापुढे १६,२०० उरलेत. तो सगळे मधे ढकलतो. समोरचा मिनिटभर चिप्स खेळवत बसतो आणि कॉल करतो. त्याच्याकडे किलवरचा राजा आणि किलवरचा गुलाम. एक किलवर पडला की त्याचा कलर झाला. दोघांची चार आणि टेबलावरची चार पानं वगळली तर ४४ पानं उरतात. त्यांत किलवरची नऊ. म्हणजे त्याला साधारण २० टक्के संधी. ४२,४०० च्या पॉटसाठी १६,२०० मोजायचे तर निदान ३८ टक्के संधी हवी. कॉल चुकीचा आहे, बराच चुकीचा.

रिव्हरला किलवरची चौकी पडते.

पोकरच्या हिशेबाने पाहिलं तर रिव्हर उघडण्याआधी त्या पॉटमध्ये अभियंत्याचा वाजवी वाटा ३३,७०० च्या आसपास होता. टर्नवर त्याने घातलेल्या १६,२०० मागे साडेसतरा हजारांचा फायदा होईल असा निर्णय त्याने घेतला. खिशाच्या हिशेबाने त्याचे वीस हजार गेले. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पहिला खरा ठरायला हीच परिस्थिती पुन्हा पुन्हा यावी लागते. दुसरा त्याच क्षणी खरा असतो. वर समोरचा माणूस चुकीचं खेळून जिंकला, त्यामुळे तो पुढच्या वेळीही तसंच खेळणार, आणि आपलं काही चुकलं असेल असं त्याला वाटायचं कारणही नाही.

मग कौशल्य दिसायला डाव किती लागतात? खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे साडेतीन-चार तासांत शंभर. रेक वजा जाता शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला मानला जातो. आपल्या दोनशेच्या टेबलावर हे झाले संध्याकाळी हजार रुपये. पण शंभर डावांमधला चढउतार, संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात तो, होल्डेममध्ये सहज नव्वद बिग ब्लाइंड भरतो, म्हणजे अठरा हजार. सरासरी कमाई हजाराची आणि हेलकावा अठरा हजारांचा. या आकड्यांवर मांडलं तर या चांगल्या खेळाडूचीही संध्याकाळ तोट्यात जाण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या घरात येते. नाणं उडवण्यात आणि यात फरक करायला सूक्ष्मदर्शक लागेल.

दहा हजार डाव झाले की चित्र बदलू लागतं. सरासरी कमाई एक लाख होते आणि हेलकावा एक लाख ऐंशी हजारांचा. कमाई डावांच्या प्रमाणात वाढते, हेलकावा डावांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून कौशल्य हळूहळू डोकं वर काढतं. तरीही असे दहा खेळाडू घेतले तर दहा हजार डावांनंतरही त्यांतले जवळजवळ तिघे तोट्यात असतील. आणि वर्षातून चार संध्याकाळी गोव्यात बसणाऱ्याला दहा हजार डाव पुरे करायला पंचवीस वर्षं लागतील.

कायद्याच्या वादात हीच गोष्ट निसटते. आपली न्यायालयं पोकरवर एकमताने बोललेली नाहीत. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला ब्रिज-रमीच्या पंगतीत बसवून जुगारातून वगळलं, नागालँडने कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. २०२३ मध्ये मद्रास आणि २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कौशल्याचा. खेळ तोच, पत्ते तेच बावन्न. पण न्यायालय विचारतं की खेळ कसा आहे, आणि हौशी माणूस खेळतो ती एक रात्र. लाखभर डाव खेळणाऱ्या व्यावसायिकासाठी पोकर कौशल्याचाच आहे, यात फारशी शंका नाही. शनिवारच्या पाहुण्यासाठी त्याच टेबलावरचा तोच खेळ जवळपास नशिबाचा असतो. दोघांना एकच नाव दिलं की वाद न संपणारा होतो.

ऑनलाइन पोकरने काही काळ हे अंतर कापलं होतं. यंत्र पत्ते झटपट वाटतं. चार टेबलं एकदम उघडून तासाला अडीचशे डाव खेळणारे लोक होते, म्हणजे दहा हजार डाव चाळीस तासांत. अमेरिकेतल्या टेनेसीचा ख्रिस मनीमेकर (हे त्याचं खरं आडनाव) हा हिशेबनीस २००३ साली ८६ डॉलरची ऑनलाइन स्पर्धा जिंकून लास वेगासच्या जागतिक मालिकेत पोचला आणि ८३८ जणांना मागे टाकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी वेगासच्या त्या स्पर्धेला अडीच हजारांहून जास्त लोक आले. भारतात ही लाट थोडी उशिरा आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका झटक्यात ओसरली: संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झाले आणि मोठ्या पोकर संकेतस्थळांनी आपली टेबलं गुंडाळली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

टेबलावरच्या हरण्याचं खरं नुकसान पुष्कळदा त्या डावात होत नाही, पुढच्या तासाभरात होतं. खेळाडू त्याला ‘टिल्ट’वर जाणं म्हणतात. एक्के फुटलेला आपला अभियंता पुन्हा वीस हजार काढतो आणि आता त्याला ते परत हवे असतात, आत्ता, याच माणसाकडून. इतका वेळ टाकलेली पानं तो खेळू लागतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचं दुःख जास्त बोचतं, आणि हानीत असलेला माणूस एरवी घेतली नसती अशी जोखीम पत्करतो. पोकरच्या टेबलावर हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जिंकण्याचं दुखणं वेगळं. पहिल्याच फेरीत तीस हजार घेऊन उठलेला माणूस त्याचं श्रेय पानांना देत नाही, स्वतःला देतो, आणि पुढच्या वेळी दुप्पट मोठ्या टेबलावर बसतो. जुगाराचं व्यसन हा आजार आहे हे वैद्यकाने मान्य केलेलं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणाने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवलं. बहुतेक हौशी लोक तिथवर जात नाहीत. पण जे जातात, त्यांच्यातल्या पुष्कळांची सुरुवात मोठ्या हरण्याने नाही, एका मोठ्या जिंकण्याने झालेली असते.

हेलकाव्यांना वेसण घालायचा एक साधा मार्ग स्पर्धेचा आहे. प्रवेशशुल्क एकदाच भरायचं, चिप्स संपल्या की उठायचं. साधारण दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं, त्यामुळे बहुतेक वेळा शुल्क जातंच, पण किती जाणार हे आधी ठाऊक असतं आणि पाच-सहा तास खेळायला मिळण्याची शक्यता असते. अट एकच, पुन्हा शुल्क भरून आत शिरायची सोय ठेवलेली असली तर तिच्याकडे पाठ फिरवायची.

आता राहिला सरकारचा वाटा, जो एक्क्यांपेक्षा भरवशाचा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स विकत घेतानाच पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांवर नव्याने कर नाही, पण सुरुवातीचा घाव मोठा आहे. कॅसिनोने हा बोजा स्वतः न उचलता सगळा खेळाडूवर टाकला, तर दहा हजार देणाऱ्याच्या हाती सात हजार १४३ च्या चिप्स येतात. टेबलावरचे नऊच्या नऊ जण असे आले, तर पहिलं पान वाटण्याआधीच ते एकत्रितपणे २९ टक्क्यांच्या आसपास मागे असतात. रेक त्यानंतर. आपण वर धरलेला चांगला खेळाडू, ज्याची संध्याकाळची कमाई हजार रुपये होती, तो वीस हजार भरून साडेपाच हजारांहून जास्त खड्ड्यात बसतो.

जिंकलेल्या पैशांवर प्राप्तिकर निराळा. पत्त्यांतल्या जिंकण्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर उपकर, मिळून ३१.२ टक्के, मग माणसाचं बाकीचं उत्पन्न कितीही कमी असो. आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. गचिबावलीचा अभियंता वर्षात तीन वेळा वीस-वीस हजार हरला आणि चौथ्या खेपेला पन्नास हजार जिंकला, तर खिशाच्या हिशेबाने तो दहा हजारांनी तोट्यात आहे. विमानाचं भाडं आणि हॉटेल यात धरलेलं नाही. प्राप्तिकराच्या हिशेबाने त्याने पन्नास हजार कमावले आणि त्यावर १५,६०० रुपये भरायचे आहेत.